हद्द ‘डोंगरमाथ्यावरून’ जाते म्हणजे नक्की कुठून?

ओढ्यापलीकडची

मंडळी, आधी माझी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

आम्ही गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात, समिट रोडला लागून जुनं घर घेतलं. पोस्टाचा पत्ता लॉस गॅटोसचा. लॉस गॅटोस सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), म्हणून मागच्या अंगणात अवजारांची शेड बांधायची परवानगी विचारायला मी सरळ तिच्या मुख्य ठिकाणी, सॅन होजेला गेले. तासभर रांग. खिडकीवरच्या बाईंनी प्लॉटचा नंबर टाकला आणि म्हणाल्या, तुमचं घर सांताक्रूझ काउंटीत आहे, तिकडे जा. पत्ता एका काउंटीचा आणि घर दुसऱ्या काउंटीत! या डोंगरात हे सर्रास असतं म्हणे. मला माहीत नव्हतं, चूक माझीच.

पण खरी गंमत पुढे. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला, तर काउंटीची रेघ आमच्या अंगणाच्या उत्तर कोपऱ्यातून गेलेली. शेड नेमकी तिथेच घालायची होती. विचारलं, रेघ नक्की कुठून जाते? उत्तर: हद्द माथ्याच्या रेषेने जाते, पडद्यावरची रेघ अंदाजे आहे.

आता माथा म्हणजे काय? रस्त्याच्या कडेचा उंचवटा, की मागची ओकची झाडं आहेत ती टेकडी? पाऊस पडला की आमच्या पुढच्या अंगणातलं पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जातं आणि मागचं मॉन्टरे उपसागराकडे, असं म्हणतात. माहेर घाटमाथ्यावरचं असल्याने कौलाच्या एका पाख्याचं पाणी कोकणात आणि दुसऱ्याचं देशावर ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. इथेही तेच नशिबी आलं.

अख्ख्या जिल्ह्याची हद्द कायद्यात डोंगर, ओढा, खडक असल्या शब्दांत कशी लिहितात? आणि तो डोंगर-ओढा जागचा हलला तर?

---

बे_एरियाकर

ताई, अभिनंदन, दोन समुद्रांना पाणी पाजता!

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीची हद्द राज्याच्या गव्हर्नमेंट कोडमध्ये शब्दांत लिहिली आहे, कलम २३१०१ ते २३१५८. काउंटीला एक कलम, इंग्रजी वर्णक्रमाने. नकाशा नाही, निव्वळ गद्य. एका कोपऱ्यापासून सुरुवात, ‘तिथून उत्तरेकडे’, ‘तिथून पूर्वेकडे’ करत फिरायचं आणि शेवटी ‘आरंभबिंदूपर्यंत’.

सॅन फ्रान्सिस्कोचं कलम एकदा सवडीने वाचा. नैऋत्य कोपरा समुद्रात. तिथून किनाऱ्याने वर. मग उपसागराच्या तोंडाशी उत्तर बाजूची ओहोटीची रेषा, पॉइंट बोनिटा, पॉइंट कव्हालो, एंजल आयलंडचं आग्नेय टोक, आणि मग ‘गोल्डन रॉक’चं वायव्य टोक. गोल्डन रॉक म्हणजे आताचं रेड रॉक, रिचमंडच्या पुलावरून जाताना दिसणारं तांबूस रंगाचं पिटुकलं बेट. तिथे मरिन, कॉन्ट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन काउंट्या मिळतात. वस्ती शून्य, काउंट्या तीन.

आणि त्या खडकापासून पुढे काय, तर ‘आग्नेयेला साडेचार मैल’. म्हणजे इतका वेळ खडक-भूशिरं मोजत आलेला लेखक पाण्यात शिरल्यावर एकदम पट्टी काढतो. पाण्यावर खूण कशाची करणार?

---

अवांतरवाला

तिघांनी मिळून त्या खडकावर गणपती बसवावा. वर्गणी तीन काउंट्यांतून.

---

निवृत्त_भूकरमापक

नमस्कार. चौतीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात काढली, त्यामुळे राहवत नाही.

ओढ्यापलीकडची ताई, तुम्ही जे वाचलेत ते आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेचेच मोठे भावंड. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. पद्धत तीच, फक्त शेताऐवजी जिल्हा.

आपल्याकडे मात्र जिल्ह्याची हद्द अशी सलग शब्दांत लिहिलेली नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४. शासन राजपत्रात अधिसूचना काढते की अमुक जिल्ह्यात अमुक तालुके, अमुक तालुक्यात अमुक गावे. म्हणजे जिल्हा ही गावांची यादी. रेषा कुठे आहे? ती गावाच्या शिवेत. नीरा नदी पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आहे असे आपण म्हणतो, पण अंमलात ती इकडच्या गावांची आणि तिकडच्या गावांची शीव आहे. जिल्ह्याचा वाद आला तरी शेवटी आम्ही गावनकाशा आणि टिपण (मोजणीची मूळ नोंद) हेच काढायचो.

एक गंमत सांगतो. अमेरिकेतली जुनी मोजणी ६६ फुटांच्या साखळीने व्हायची. आपल्या मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर त्यांच्याही दहा चौरस साखळ्यांना बरोबर बसतो. दोन्हीकडचे मूळ इंग्रजच.

---

ओढ्यापलीकडची

काका, गुंठ्याचा हिशेब आज पहिल्यांदा कळला. आईला फोन करून सांगितला, तिला अर्थातच माहीत होता.

---

वकिलीण_सनीव्हेल

मूळ प्रश्नाकडे येते. हद्दीच्या वर्णनात दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर काय धरायचं? समजा लिहिलंय, ‘ओढ्यापर्यंत ४० साखळ्या’, आणि मोजल्यावर ओढा ४३ साखळ्यांवर निघाला. हद्द ४० वर की ओढ्यावर?

ओढ्यावर. इथल्या कायद्यात जुना उतरता क्रम आहे: आधी निसर्गाची खूण, मग माणसाने रोवलेली खूण, मग शेजाऱ्याची हद्द, मग दिशा, मग अंतर, आणि सगळ्यात शेवटी क्षेत्रफळ. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या २०७७ कलमातही कायम आणि दिसणारी खूण मोजमापावर मात करते असं आहे. ते कलम खासगी दस्तांसाठी आहे हे कबूल, पण काउंटीच्या हद्दींमागचा विचारही तोच.

कारण साधं आहे. साखळी ढिली पडते, होकायंत्राची सुई काळानुसार सरकते, लिहिणारा आकडा चुकतो. पण ‘त्या ओढ्यापर्यंत’ म्हणणाऱ्याने ओढा डोळ्यांनी पाहिलेला असतो.

फक्त ‘ओढा’ एवढा शब्द पुरत नाही, घोळ तिथेच होतो. ओढ्याचा मध्य? काठ? कुठला काठ? भरतीची रेषा की ओहोटीची? जहाजं चालणाऱ्या मोठ्या नदीत सगळ्यात खोल धारेची रेषा धरायची पद्धत आहे, तिला जर्मनमधून आलेलं ‘थालवेग’ असं नाव आहे. ती रेषा नदीच्या भौमितिक मध्यावर असतेच असं नाही.

ओहायो नदी बघा. केंटकीची हद्द पलीकडच्या, म्हणजे उत्तर काठाच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत. म्हणजे नदी जवळजवळ सगळी केंटकीची. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक पाचर मारली: रेषा आजची नाही, १७९२ ची, म्हणजे केंटकी राज्य झालं तेव्हाची. नंतर धरणांनी पाणी चढलं, त्यामुळे ती रेषा आता पाण्याखाली. तिथल्या काउंट्यांची हद्द माशांना ठाऊक!

---

खडूस

एवढी कटकट कशाला? जीपीएसचे अक्षांश-रेखांश लिहा, संपवा. २०२० नंतरही खडक आणि ओढे?

---

भूगर्भवाला

खडूसराव, जीपीएसचा आकडाही कुठल्या तरी आधारावर उभा असतो आणि कॅलिफोर्नियात तो आधारच चालतो. सॅन अँड्रियास भेगेच्या पश्चिमेचा तुकडा पूर्वेच्या मानाने दरवर्षी काही सेंटिमीटर वायव्येला सरकतोय. १९०६ च्या भूकंपात मरिन काउंटीत कुंपणं तुटून पाच-सहा मीटर बाजूला गेली. तुमचे अक्षांश-रेखांश जागेवर राहतील, शेत निघून जाईल. यासाठी इथे वेगळा कायदा करावा लागला, कलन अर्थक्वेक अॅक्ट: भूकंपाने जमीन हलली तर कोर्टात जाऊन हद्दी पुन्हा कायम करून घेता येतात.

ओढ्यापलीकडची ताई, तुमच्यासाठी खास. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात तुमच्या समिट रोडच्या आसपासच डोंगरमाथ्यावर लांबलचक भेगा पडल्या होत्या. म्हणजे तुमची हद्द ज्या माथ्यावर आहे तो माथाच तडकला होता. तरी नद्यांच्या मानाने डोंगर बरा म्हणायचा. पाणी कुठे दुभागतं हे नेमकं सांगता येतं, फक्त कड रुंद आणि सपाट असली की पंचाईत. वर सिएरा नेवाडात ती पंचाईत नाही. माउंट व्हिटनी, उंची ४४२१ मीटर, तुलारी आणि इन्यो काउंट्यांच्या हद्दीवर आहे, आणि तिथे माथा कुठे असं कोणी विचारत नाही, पूर्वेला सरळ कडाच आहे.

---

सह्याद्रीवेडी

+१. हरिश्चंद्रगडावर नगर, पुणे आणि ठाणे मिळतात तिथेही कोकणकड्याच्या बाजूला कोणी हद्द विचारत नाही. वाद नेहमी सपाटीला.

---

ओमाहात_अडकलेला

नद्यांच्या मानाने डोंगर बरा, याला माझं संपूर्ण अनुमोदन. मी ओमाहात राहतो, नेब्रास्का. घरून विमानतळावर जाताना वाटेत आयोवा लागतं. मिझुरी नदी न ओलांडता!

ते कार्टर लेक नावाचं गाव. नदी ही दोन राज्यांची हद्द, पलीकडे आयोवाची पोटावाटामी काउंटी, अलीकडे नेब्रास्काची डग्लस काउंटी. १८७७ च्या पुरात नदीने एक मोठं वळण सोडून दिलं आणि मधून सरळ वाट काढली. वळणाच्या पोटातली जमीन आयोवाची होती, ती एका रात्रीत ओमाहाच्या बाजूला आली. जुनं पात्र तळं होऊन राहिलं.

सुप्रीम कोर्टाने १८९२ मध्ये निकाल दिला. नदी हळूहळू सरकली, एका काठाला गाळ साचत गेला आणि दुसरा झिजत गेला, तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एकदम उडी मारली तर हद्द जुन्या पात्रातच राहते, मग त्यात पाणी असो वा नसो. म्हणून कार्टर लेक आजही आयोवात. काउंटीच्या कचेरीत जायचं तर तिथल्या लोकांना ओमाहातून नदी ओलांडून काउन्सिल ब्लफ्सला जावं लागतं.

आमच्या मुलाने पहिलीत असताना विचारलं होतं, नदीने उडी मारली तर शिक्षा माणसांना का? अजून उत्तर दिलेलं नाही.

---

वकिलीण_सनीव्हेल

मुलाला लॉ स्कूलला पाठवा.

तसंच दुसरं गाव म्हणजे इलिनॉयमधलं कस्कस्किया. १८१८ मध्ये राज्य झालं तेव्हा ती राजधानी होती. १८८१ मध्ये मिसिसिपीने वाट बदलली आणि जुन्या गावाचा बराचसा भाग गिळला. उरलेलं नदीच्या पश्चिमेला, म्हणजे मिझुरी राज्याच्या बाजूला गेलं. हद्द मात्र जुन्या पात्रात राहिली, त्यामुळे ते अजून इलिनॉयच्या रँडॉल्फ काउंटीत आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १४.

---

निवृत्त_भूकरमापक

हळू सरकणे आणि एकदम तुटणे, हा भेद आमच्याही रोजच्या कामातला. नदीकाठच्या गावांत मळई (नदीने टाकलेल्या गाळाची जमीन) कोणाच्या बाजूला आली यावरून कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्या आहेत. पूर ओसरला की पंधरा दिवसांत अर्ज. खरी अडचण अशी की ‘हळूहळू’ म्हणजे किती हळू हे पुस्तकात सापडत नाही. दोन पावसाळ्यांत पन्नास फूट गेले तर ते हळू की एकदम? तिथे म्हातारी माणसे लागतात. त्यांना विचारायचे, पूर्वी पोहायला कुठे उतरायचात?

---

टेम्सकर

काका, म्हाताऱ्यांचं काढलंत म्हणून लिहितो. काउंटी हा शब्द मूळचा इकडचा, आणि इंग्लंडमध्ये १८४१ च्या कायद्याने नेमकं हेच केलं. ऑर्डनन्स सर्व्हेचे लोक हद्दी नकाशावर घ्यायला निघाले तेव्हा हद्द दाखवण्यासाठी गावातली जाणती माणसं नेमली जायची, त्यांना ‘मीअर्समन’ म्हणत. मीअर म्हणजे शीव. मोजणीवाला त्यांच्याबरोबर बांधाबांधाने चालायचा आणि वहीत लिहून घ्यायचा.

ते लिहून घेतलेलं आजही जुन्या नकाशांवर बारीक अक्षरांत दिसतं. ‘सी.एस.’ म्हणजे ओढ्याचा मध्य. ‘सी.आर.’ म्हणजे नदीचा मध्य. आणि माझं लाडकं, ‘४ फूट आर.एच.’, म्हणजे कुंपणाच्या झुडपांच्या मुळांपासून चार फुटांवर. अख्ख्या काउंटीची हद्द, आणि मोजायची कशापासून, तर झुडपाच्या मुळापासून!

त्याआधी तर नकाशाही नव्हता. दरवर्षी पाद्री आणि गावकरी शिवेवरून फेरी काढायचे आणि पोरांना धरून शिवेच्या दगडावर आपटायचे, म्हणजे जन्मभर लक्षात राहील. साक्षीदार तयार करायची पद्धत.

---

अवांतरवाला

आमच्या मास्तरांनी भूगोल असाच शिकवला. आपटलं भरपूर, हद्द एकही लक्षात नाही.

---

तेरेखोलचा_पावणा

नदी म्हणजे हद्द असं शाळेत घोकून गोव्यात आलेल्यांची एक फजिती. तेरेखोल नदी म्हणजे गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्यामधली हद्द, बरोबर? मग तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तरेला असून गोव्यात कसे? कारण अठराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि सोडला नाही. नदी तिथेच राहिली, हद्द तेवढ्यापुरती पाणी ओलांडून गेली.

म्हणून म्हणतो, हद्द निसर्ग ठरवत नाही. माणूस आधी भांडतो, मग जवळची नदी बघून तिच्यावर नाव ढकलतो.

---

बे_एरियाकर

पावणे, सहमत आणि असहमत. भांडून नाही, आळसाने म्हणा. १८ फेब्रुवारी १८५० ला कॅलिफोर्नियाने पहिल्या २७ काउंट्या एका दमात केल्या. राज्य अजून संघात आलंही नव्हतं. एवढ्या मुलखाची मोजणी झालेलीच नव्हती, तर लिहिणार काय? डोंगर आणि नद्या सगळ्यांना माहीत होत्या, म्हणून त्या लिहिल्या. माउंट डायब्लोवरून मोजणीची आधाररेषा टाकली ती १८५१ मध्ये, काउंट्यांच्या नंतर. पुढच्या दुरुस्त्यांत ‘टाउनशिपच्या उत्तर रेषेने’ अशी भाषा दिसते ती त्यामुळे (टाउनशिप म्हणजे त्या मोजणीने आखलेला चौकोन). एकाच कलमात दोन पिढ्या असतात: ओहोटी-खडकवाली जुनी आणि चौकोनवाली नवी.

माणसाने समुद्र बुजवला की त्यालाही कायदा भीक घालत नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि अलमीडा काउंट्यांची हद्द पाण्यातून सरळ जाते. अलमीडा बेटाच्या पश्चिम टोकाला नौदलाच्या तळासाठी भराव टाकला, तो रेषेपलीकडे गेला. त्यामुळे त्या बेटाची एक चिंधी आज सॅन फ्रान्सिस्कोत आहे.

आणि ओढा हद्द असण्याचा त्रास बघायचा तर माझ्या घराजवळ या. सॅन फ्रान्सिस्किटो क्रीक ही सांता क्लारा आणि सॅन मटेओ काउंट्यांमधली हद्द. अलीकडे पालो आल्टो, पलीकडे मेन्लो पार्क आणि ईस्ट पालो आल्टो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ओढा फुटला, पाणी दोन्हीकडे घरात. एका काउंटीने काठ उंच केला तर पाणी दुसरीत जाणार. शेवटी १९९९ मध्ये सगळ्यांनी मिळून संयुक्त प्राधिकरण काढलं. खाली पाहारो नदीवर, सांताक्रूझ आणि मॉन्टरेच्या हद्दीवर, मार्च २०२३ मध्ये मॉन्टरेच्या बाजूचा बांध फुटला आणि पाहारो गाव बुडालं. नदी हद्द म्हणून उत्तम दिसते, पण काठ दोन असले तरी पाणी एकच असतं.

---

वकिलीण_सनीव्हेल

झाडांचं कोणीच काढलं नाही. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना यांच्यातली रेषा १७३५ पासून पुढे टप्प्याटप्प्याने मोजली, झाडांच्या खोडांवर घाव घालून. झाडं मेली, तोडली, विसरली गेली. लोक आपापल्या समजुतीने राहिले. मग दोन्ही राज्यांनी वीसेक वर्षं घालून जुने दस्त धुंडाळून मूळ रेषा पुन्हा शोधली आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू केली. १९ घरांचं राज्य बदललं, अर्थात काउंटीही. एक पेट्रोल पंप दक्षिणेतून उत्तरेत गेला आणि तिथे दक्षिणेतल्या कायद्याने चालणारे फटाके विकायची पंचाईत झाली.

लक्षात घ्या, नवी हद्द ठरवली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अठराव्या शतकापासून तिथेच होती, लोक चुकीच्या जागी राहत होते!

---

खडूस

म्हणजे झाड मेलं तरी झाडाची जागा जिवंत. बरं, जीपीएस मागे घेतो.

---

निवृत्त_भूकरमापक

मागे घेऊ नका. मीही नोकरीच्या शेवटी जीपीएस यंत्रच वापरले. पण यंत्र सांगते ‘इथे’. ‘इथेच का’ हे टिपण सांगते.

ओढ्यापलीकडची ताई, पडद्यावरच्या रेघेवर शेड बांधू नका. परवानाधारक मोजणीदार आणा. तो आधी तुमच्या शेजाऱ्यांचे जुने मोजणी नकाशे काढेल, कोणी आधी खूण रोवली असेल तर ती शोधेल. तीस पावले इकडे-तिकडे, गवत उपसा. खूण असतेच.

---

ओढ्यापलीकडची

तीन आठवड्यांनी परत येते आहे, क्षमस्व.

काका, तुमचं ऐकलं. मोजणीदार बाई आल्या, सोबत एक पोरगा. जुने नकाशे घेऊन दीड दिवस फिरल्या. माथा शोधायला त्यांनी काय केलं असेल? आधी बराच वेळ नुसत्या उभ्या राहून उतार बघितला, मग यंत्र लावलं. रस्त्याकडेचा उंचवटा हा रस्ता बांधताना टाकलेल्या मातीचा निघाला, तो माथाच नव्हे. खरा माथा ओकच्या झाडांखालून जातो.

आणि खूण सापडली! पानांच्या थराखाली लोखंडी पाइप, वर पितळी टोपी, टोपीवर जुन्या मोजणीदाराचा परवाना क्रमांक. आमच्या आधीच्या घरमालकाने त्यावर कुंडी ठेवली होती.

काउंटीची हद्द आमच्या कुंपणाच्या बाहेर सहा फुटांवर निघाली. म्हणजे अंगण पूर्ण सांताक्रूझचं. शेडचा अर्ज तिकडे टाकला आहे.

---

निवृत्त_भूकरमापक

उत्तम. टोपीचा फोटो टाका. आणि कुंडी परत त्यावर ठेवू नका.